नेढ्यातून दोरा जाईना

*पत्र थोडक्यात:* ताई, मी सेलू तालुक्यातल्या एका गावात राहते, वय २९. गेल्या वर्षी जानेवारीत पऱ्हाटी उपटताना फांदी सटकन डाव्या डोळ्यावर बसली. बुबुळ फाटलं, त्याच रात्री टाके घातले. टाके काढून आता सहा महिने झाले. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, पण पाण्यातून बघितल्यासारखं दिसतं. दोनदा चष्मा केला, उपयोग नाही. डॉक्टरांनी कागदावर ६/३६ लिहिलं, बारीक छिद्रातून बघितलं तर ६/१२, आणि म्हणाले, कडक कॉन्टॅक्ट लेन्स लावून बघू. मधल्या काळात एका दुकानदारानं मऊ लेन्स दिली, तिनं काहीच फरक पडला नाही. कुणी म्हणतं, डोळा बदलावाच लागेल. सासूबाई म्हणतात, एक डोळा धड आहे ना, लेन्स-बिन्स नट्यांची कामं. मी शिवणकाम करते. सुईत दोरा ओवायला आता लेकीला हाक मारावी लागते. आमच्या धुळीत लेन्स चालेल का? ती डोळ्यात मागं सरकून हरवते म्हणतात, ते खरं का? बचत गटातून कर्ज काढू का?

*उत्तर:*

लेकी, तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तू ओझरती लिहून पुढं गेलीस. छिद्रातून बघितलं तर ६/१२. मी संभाजीनगरात तीस वर्षं लेन्सच्या खोलीत काढली आहेत. असा आकडा दिसला की आम्ही खुर्ची पुढं ओढून बसायचो.

६/३६ म्हणजे धड डोळ्याला जे अक्षर ३६ मीटरवरून वाचता येतं, ते तुला ६ मीटरवर यावं तेव्हा वाचता येतं. बारीक छिद्रातून डोळ्यात प्रकाशाची एकच अरुंद वाट जाते. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेवरचे उंचवटे-खळगे ती बरेचसे चुकवते. तेवढ्यानं तुझं दिसणं ३६ वरून १२ वर आलं, म्हणजे मागचा पडदा आणि मेंदूकडं जाणारी नस काम करताहेत. बिघाड आहे तो पुढच्या काचेच्या आकारात. पडदाच दुखावलेला असता तर छिद्रातून बघून फारसा फरक पडला नसता. घरी बघायचं असेल तर पुठ्ठ्याला दाभणानं एक भोक पाड, उजवा डोळा झाक आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा आधी नुसत्या डोळ्यानं, मग भोकातून वाच. हा काही तपासणीला पर्याय नाही. पण आपला डोळा गेलेला नाही हे माणसाला स्वतःच्या डोळ्यानं बघायला मिळतं, त्याची गोष्ट वेगळी असते.

आता चष्मा का चालला नाही ते सांगते. शिवणारणीला हे पटकन कळेल. बुबुळावर जी पारदर्शक काच असते, डॉक्टर जिला कॉर्निया म्हणतात, ती मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते आणि डोळ्याचं दोन तृतीयांश काम एकटी करते. बाकीचं काम आतलं भिंग करतं. तुझी ती काच फाटली आणि केसाहूनही बारीक नायलॉनच्या धाग्यानं शिवली. मऊ कापडावर टाका घट्ट ओढला गेला की काय होतं? चुणी पडते. टाका उसवला तरी चुणी पूर्ण जात नाही. तुझ्या काचेवर तशीच चुणी राहिली आहे. चष्म्याचा नंबर एका दिशेच्या बाकाला उपाय करतो, म्हणून तर त्यात सिलिंडर आणि अंश लिहितात. दहा दिशांनी पडलेल्या चुणीला चष्म्याचा नंबरच नसतो. दोन्ही चष्मे करणाऱ्यांनी तुला फसवलं असं मी म्हणणार नाही, पण दुसरा करण्याआधी कुणीतरी थांबायला हवं होतं.

दुकानदारानं दिलेल्या मऊ लेन्सचंही तेच. मऊ लेन्स म्हणजे उतरंडीवर टाकलेलं ओलं लुगडं, खाली जो आकार तोच वर. चुणीवर बसली की तीही चुणीदार होते. कडक लेन्स, जिला कागदावर आरजीपी लिहितात, ती स्वतःचा गोल आकार सोडत नाही. ती बसते आणि तिच्या खाली तुझेच अश्रू साचून सगळे खळगे भरून काढतात. खडबडीत भुईवर सारवण घातल्यासारखं. प्रकाश वळवण्याची ताकद अश्रूंची १.३३६ आणि कॉर्नियाची १.३७६, म्हणजे जवळपास एकच. त्यामुळे प्रकाशाला खालची चुणी जणू दिसतच नाही, त्याला दिसतो तो लेन्सचा गुळगुळीत माथा. एवढीच करामत आहे.

आणि नट्यांबद्दल सासूबाईंना एक सांग. अडॉल्फ फिक नावाच्या डॉक्टरानं झुरिकमध्ये १८८८ साली डोळ्यावर बसवायच्या काचेच्या लेन्सवर लेख छापला. आधी सशांच्या डोळ्यांवर, मग स्वतःच्या डोळ्यावर लावून बघितलं होतं. त्याच्या डोक्यात होते ते रोगी, वेडेवाकडे झालेले कॉर्निया. जड काच, दोन-अडीच तासांवर कुणाला सोसवायची नाही. नट्यांनी घालाव्यात अशी मऊ लेन्स प्रागच्या ओटो विख्टर्लेनं १९६१ मध्ये मुलांच्या खेळण्यातल्या सांगाड्यावर सायकलचा डायनमो जोडून केली, ती पुढच्या सत्तर-पंच्याहत्तर वर्षांनी. म्हणजे आधी तुझ्यासारख्यांची लेन्स आली, नट्या मागून आल्या.

लेन्स काय करू शकत नाही, तेही सांगायला हवं. जखमेच्या जागी पांढरं फूल पडलं असेल आणि ते दाट, बरोबर मधोमध असेल, तर प्रकाश आतच जाणार नाही. त्यावर लेन्स बसवणं म्हणजे बंद खिडकीला नवी काच. तुझा छिद्राचा आकडा बघता तसं दिसत नाही. शिवाय मारानं काही वेळा आतलं भिंगही फुटतं आणि ते काढावं लागतं. तशा एका डोळ्याला चष्मा लावला तर त्या डोळ्यातली प्रतिमा दुसऱ्यापेक्षा पाव हिश्श्यानं मोठी होते, मेंदू दोन्ही जुळवूच शकत नाही आणि माणसाला एकाचे दोन दिसतात. तिथंही कॉन्टॅक्ट लेन्सनं बरंच जुळतं, नाहीतर आत कृत्रिम भिंग बसवायची शस्त्रक्रिया असते. तुझ्या पत्रात भिंग काढल्याचा उल्लेख नाही, तरी डिस्चार्जचा कागद एकदा वाचून घे.

डोळा बदलण्याचं ज्यांनी सांगितलं त्यांना अख्खा डोळा म्हणायचं असेल, तर तो बदलून अजून कुणाला दिसू लागलेलं नाही, बदलते ती कॉर्निया. नेत्रदानातून मिळालेली कॉर्निया बसवताना पुन्हा चहूबाजूंनी टाके येतात, पुढं वर्षानुवर्षं थेंब, अंगानं ती नाकारण्याची भीती, आणि एवढं करून पुन्हा चुणी. रोपण झालेले कितीतरी लोक शेवटी माझ्याच खोलीत कडक लेन्सच्या मापासाठी आलेले मी बघितले आहेत. जिथं फूल दाट आहे तिथं रोपणाला पर्याय नाही आणि त्यानं माणसं पुन्हा बघायला लागतात, हेही खरं. पण ज्याला लेन्स लागू पडते त्यानं आधी लेन्स. रोपणाचं दार नंतरही उघडंच असतं.

आता कर्जाचं. आधी एक दमडी काढू नकोस. मापाच्या लेन्सची पेटी असते, त्यातली एक तुझ्या डोळ्यात घालतील. सुरुवातीला धो धो पाणी येईल, कारण कुसळ गेल्यासारखं वाटतं. वीस-पंचवीस मिनिटं बाहेर बाकावर मान खाली घालून बस. पाणी ओसरलं की वरून चाचणीचा चष्मा लावून तक्ता वाचायला लावतील. त्या अर्ध्या-पाऊण तासात कळतं की हा डोळा कुठवर जाईल. ओळी खाली खाली वाचता आल्या तर लेन्स करायची. नाही आल्या तर तुझे पैसे वाचले. ही चाचणी न करता कुणी लेन्सची ऑर्डर घ्यायला लागलं तर उठून यायचं. कॉर्नियाचा रंगीत नकाशा काढतात, त्याला टोपोग्राफी म्हणतात, तोही करून घे. चुणी कुठं आणि किती खोल ते त्यात दिसतं.

कुठं जायचं? सेलूहून जालना रेल्वेनं सरळ आहे, तिथं गणपती नेत्रालय आहे. संभाजीनगरला घाटीत, म्हणजे सरकारी रुग्णालयात, नेत्र विभाग आहे. आधी फोन करून कॉन्टॅक्ट लेन्सचा विभाग कोणत्या वारी बसतो ते विचारूनच निघ, नाहीतर नुसता मोतीबिंदूच्या रांगेत दिवस जाईल. जखमेचे जुने कागद, टाके काढल्याची तारीख आणि दोन्ही निकामी चष्मे बरोबर ने. चष्मे कशाला, असं वाटेल. त्यांचे नंबर बघूनही माप घेणाऱ्याला अंदाज येतो. साधी कडक लेन्स चुणीवर टिकत नसेल, सरकत असेल, तर दुसरे मार्ग आहेत. खाली मऊ आणि वर कडक अशी जोडलेन्स असते, किंवा बुबुळाला न टेकता पांढऱ्यावर बसणारी मोठी स्क्लेरल लेन्स, जिच्या पोटात सलाइन भरून घालतात. स्क्लेरलचं काम हैदराबादला एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत होतं. आपल्या माणसांना निजामाच्या काळापासून हैदराबादची वाट तोंडपाठ आहे, आणि तुझ्या स्टेशनावरून तोच रूळ सिकंदराबादला जातो. साधी आरजीपी काही हजारांत होते आणि नीट सांभाळली तर वर्ष-दोन वर्षं चालते. स्क्लेरल कितीतरी पटींनी महाग. म्हणून गटाचं कर्ज काढायचंच झालं तर चाचणीचा निकाल हातात आल्यावर, आणि साध्या लेन्सनं भागत नाही असं तज्ज्ञानं लिहून दिल्यावर. महिन्याच्या द्रावणाचा खर्चही हिशोबात धर. लेन्सचे पैसे एकदा जातात, द्रावणाचे जातच राहतात, आणि बहुतेकजणी तिथंच काटकसर करायला जातात.

ती काटकसर डोळ्यावर येते, म्हणून इथं जरा थांबते. आपल्याकडं नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी, तेही हौदात, रांजणात साठवलेलं, नाहीतर बोअरचं, टँकरचं. अशा पाण्यात अकॅन्थामीबा नावाचा एकपेशी जीव असू शकतो. पोटात गेला तर सहसा काही करत नाही, पण लेन्सखाली अडकला तर कॉर्निया पोखरतो आणि औषधांना महिनोन्‌महिने दाद देत नाही. माझ्याकडं एक ट्रकचालक यायचे, फार नेटके. त्यांनी लेन्स जारच्या पाण्यानं धुतली, कारण जारचं पाणी शुद्ध. प्यायला असेल, लेन्सला नाही. त्यांचा डोळा वाचला, पण पुन्हा लेन्स घालता आली नाही. उकळलेलं पाणीसुद्धा नको. लेन्सला फक्त द्रावण लागतं, आणि थुंकी तर कधीच लावायची नाही. हसू नकोस, घाईत भले भले लावतात.

साबणानं हात धुऊन पूर्ण कोरडे केल्याशिवाय लेन्सला हात लावायचा नाही. रात्री काढून तळहातावर द्रावणात चोळायची, डबीत रोज नवीन द्रावण, कालच्यात भर घालायची नाही. डबी दर तीन महिन्यांनी बदल. लेन्स घालून झोपायचं नाही, दुपारची डुलकीसुद्धा नाही. अंघोळ, डोकं धुणं लेन्सशिवाय. लेन्स घालायला मोरीजवळ बसू नकोस. मोरीत गेलेली लेन्स आणि आडात पडलेली अंगठी सारखीच. खाली ताट ठेव, त्यात पांढरं स्वच्छ फडकं अंथर, त्यावर आरसा. पडली तर ताटात पडेल. पहिल्या दिवशी दोन-तीन तास, मग रोज थोडा थोडा वेळ वाढवत पंधरा दिवसांत सवय होते. पहिल्या आठवड्यात तू मला शिव्या देशील, दे. आठव्या-दहाव्या दिवशी पापणी शहाणी होते.

धूळ हा तुझा खरा प्रश्न आहे आणि त्याचं गोड उत्तर माझ्याकडं नाही. कडक लेन्सखाली कचरा गेला तर जीव कासावीस होतो. म्हणून तुझी लेन्स ही शिवणयंत्राची लेन्स, बाजाराची, लग्नकार्याची. रानाची नव्हे. मळणी यंत्राजवळ, फवारणीत, खळ्यावर, पऱ्हाटीत लेन्स काढून ठेवायची. मिरची कांडल्या दिवशी लेन्सला हातच लावू नकोस. साबणानं तिखट जात नाही, हे तुला मी काय सांगू. दिवसाचे सहा-आठ तास दोन डोळ्यांनी दिसलं आणि बाकीचा वेळ आहे तसं, तरी मिळवलं ते मोठं आहे.

हरवण्याची भीती मात्र पार सोडून दे. पापणीच्या आतलं पातळ आवरण दुमडून डोळ्याच्या पांढऱ्यालाच जोडलेलं असतं, पिशवीच्या शिवणीसारखं. त्या शिवणीपलीकडं लेन्सला वाट नाही. पापणीखाली कोपऱ्यात सरकू शकते, तेव्हा घाबरून खरवडायचं नाही. डोळा ओला करायचे दोन थेंब टाकायचे, विरुद्ध दिशेला बघायचं आणि पापणीवरून बोटानं हळू मधे लोटायची. काढायला छोटी रबरी नळी मिळते, ती लेन्सला चिकटते. लेन्स जागेवर आहे याची आरशात खात्री करूनच ती टेकव, नाहीतर बुबुळ ओढशील.

एक गोष्ट डॉक्टरांच्या घाईत राहून जाते म्हणून लिहिते. फाटून सांधलेल्या कॉर्नियाची संवेदना बऱ्याचदा कमी झालेली असते. तुझा डोळा दुखत नाही हे चांगलं, पण त्यामुळे लेन्सनं ओरखडा पडला तरी तुला कदाचित कळणारही नाही. तेव्हा दुखण्याची वाट न बघता रोज रात्री लेन्स काढल्यावर आरशात बघ: लाल आहे का, पाणी-चिपडं आहेत का, उजेड सोसतो का, काल दिसत होतं तेवढंच दिसतंय का. यातलं एकही बिघडलं तर लेन्स डबीत, डबी पिशवीत, आणि त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडं. मेडिकलमधून थेंब आणायचे नाहीत. त्यात स्टेरॉइड असलं आणि डोळ्यात बुरशी असली तर डोळा जाऊ शकतो, आणि रानातल्या काडी-पाल्यानं झालेल्या जखमेत बुरशी नेहमीची. गावात कुणी जिभेनं कुसळ काढून देत असेल तर त्यांना लांबूनच नमस्कार. वर्षातून एकदा डोळ्याचा दाबही मोजून घे. मार लागलेल्या डोळ्यात तो पुढं कितीतरी वर्षांनी वाढू शकतो.

आता सासूबाईंचा धड डोळा. त्या एका अर्थी बरोबर बोलल्या, फक्त उलट्या बाजूनं. तो एक आहे म्हणूनच त्याला जपायला हवं. रानात जाताना, लेन्स नसतानाही, पॉलिकार्बोनेटच्या बिननंबरी काचांचा चष्मा दोन्ही डोळ्यांवर असलाच पाहिजे. ती काच फांदीच्या फटक्यानं फुटत नाही. सेलूत मिळाला नाही तर परभणीत मागवून घे. हा खर्च लेन्सच्याही आधीचा. आणि खोल जखमेनंतर क्वचित असं होतं की शरीर दुसऱ्या, निरोगी डोळ्यावरच उलटतं. ब्रेल लिपी करणाऱ्या लुई ब्रेलला तिसऱ्या वर्षी वडिलांच्या चामड्याच्या कारखान्यात एका डोळ्यात आरी लागली होती, आणि पाचव्या वर्षापर्यंत त्याचे दोन्ही डोळे गेले. आरी लागली ते १८१२ साल होतं. आज याला औषधं आहेत, आणि असं होणं अगदी विरळ. तरी उजवा डोळा कधी लाल झाला, उजेड खुपायला लागला किंवा धूसर वाटला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, मग रानात कितीही काम असो.

एका डोळ्यानं चालतंय की, हे बोलणाऱ्याला दोरा ओवायचा नसतो. सुईचं नेढं आणि दोऱ्याचं टोक यांतलं अंतर दोन डोळे मिळून मापतात. एक धूसर झाला की दोरा नेढ्याच्या अलीकडून नाहीतर पलीकडून जातो, चहा कपाच्या बाहेर सांडतो, पायरी चुकते. हे सासूबाईंशी वाद घालून पटणार नाही. लेन्स लावून त्यांच्यासमोर बस आणि त्यांच्याच पोलक्याला काजं-बटण कर.

लेन्स म्हणजे कहाणीतल्यासारखा वसा आहे, घेतला तर टाकता येत नाही. एवढी धुण्या-पुसण्याची शिस्त आपल्या घरात, आपल्या पाण्यात जमेल असं वाटत असेल तरच घे. नाही जमणार वाटलं तर तसं मोकळेपणानं डॉक्टरांना सांग, त्यात कमीपणा काही नाही. मळक्या हातानं घातलेल्या लेन्सपेक्षा धूसर डोळा बरा. पण तुझ्या पत्रातलं अक्षर बघता, आणि ज्या बाईचे टाके सरळ येतात तिला, हे जमायला हरकत नसावी.

चाचणीच्या दिवशी पर्समध्ये सुई आणि दोरा टाकून ने. तक्ता वाचून झाला की चाचणीची लेन्स काढू देऊ नकोस. दोन्ही डोळे उघडे ठेवून, लेकीला हाक न मारता, तिथंच बसून ओवून बघ. मोठ्या नेढ्याची नको, रोजची तीच सुई घे.